पेटी, सिंथेसायझर आणि एक तप रखडलेला अल्बम

'ब्लेड रनर' हा चित्रपट जून १९८२ मध्ये अमेरिकेत लागला. शेवटच्या श्रेयनामावलीत एक ओळ होती की, या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम पॉलिडॉर कंपनीकडे मिळेल. लोक दुकानात गेले. अल्बम नव्हता. त्याऐवजी एका वाद्यवृंदाने वाजवलेली नवी आवृत्ती बाजारात आली. चाली त्याच, पण व्हायोलिनं आणि तुताऱ्यांवर. ज्यांनी चित्रपट पाहिला होता त्यांनी ती घरी नेऊन लावली आणि हे ते नव्हे, असं म्हणून बाजूला ठेवली. खरं संगीत, म्हणजे संगीतकाराने स्वतः वाजवलेलं, अधिकृतपणे अल्बम म्हणून मिळायला १९९४ साल उजाडलं. चांगलं एक तप.

संगीतकार होता व्हँगेलिस. ('व्हॅन्जेलिस' नाही, 'ग' म्हणायचा. आमच्या घरी या एका अक्षरावरून पुष्कळ चहा थंड झाला आहे.) ग्रीसमधल्या व्होलोस शहराजवळ १९४३ मध्ये जन्म, मे २०२२ मध्ये पॅरिसमध्ये निधन, वय ७९. तरुण वाचकांनी त्याचं नाव ऐकलं नसेल, पण 'चॅरियट्स ऑफ फायर'ची सुरावट नक्की ऐकली असेल. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतली मुलं अनवाणी धावतायत, मागे एक स्वर सारखा धडधडतोय आणि वर पियानो. शाळेच्या क्रीडादिनाला, लग्नाच्या व्हिडिओत, कुणी हळू धावण्याची नक्कल करत असेल तिथे, सगळीकडे तीच. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात मिस्टर बीनवाला रोवन ॲटकिन्सन वाद्यवृंदात बसून तीच वाजवत होता. त्याच्या वाट्याला एकच स्वर, तो पुन्हा पुन्हा दाबायचा आणि कंटाळायचं. सगळं जग हसलं.

त्या विनोदात आमच्या घरातला जुना वाद दडलेला आहे. घर वडोदऱ्याचं. वाद करणारे तिघे: माझे मामा, मी आणि माझी पुतणी. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर पेटी वाजवली. भजनाला, नाट्यगीतांना, एखाद्या गायकाच्या साथीला. पुतणी एकोणीस वर्षांची, लॅपटॉपवर संगीत करते. मी मधला, व्हँगेलिसच्या कॅसेटी जमवत मोठा झालेला. मामांचं म्हणणं अनेक वर्षं एकच होतं: "अरे, हे मशीनचं संगीत. बटण दाबलं की वाजतं. यात वाजवणारा कुठे आहे?"

मी त्यांना दर वेळी पेटीची आठवण करून द्यायचो. आपल्याकडे हाच आरोप पेटीवर झाला होता आणि तो नुसता गप्पांत झाला नव्हता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. कारणं दोन सांगितली जायची. एक, पेटीचे स्वर ठरावीक जागी खिळलेले, आपल्या रागांना लागणाऱ्या सूक्ष्म जागा तिच्यात नाहीत. दुसरं, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना मींड घेता येत नाही, स्वर तुटतो. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं संगीत नाटकांत, कीर्तनांत, घराघरांत पेटी वाजत होती आणि रेडिओला ती चालत नव्हती. मामांना हे मुखोद्गत आहे, कारण त्यांच्या गुरुजींनी ते भोगलं होतं. तरीही सिंथेसायझरला ते तोच न्याय लावत, जो पेटीला लावला म्हणून आकाशवाणीवर चिडत.

वादाला वळण मिळालं ते यामाहा कंपनीच्या सीएस-८० या वाद्यामुळे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला हा सिंथेसायझर, वजन शंभर किलोच्या आसपास, एका वेळी आठ स्वर वाजवणारा, आणि खोलीतलं तापमान बदललं की बेसूर होणारा. म्हणजे स्वभाव तंबोऱ्याचा, वजन कपाटाचं. व्हँगेलिसचं हे सर्वांत लाडकं वाद्य. त्यात दोन गोष्टी होत्या. पट्टी दाबल्यावर त्याच बोटाने आणखी दाब दिला की तेवढाच स्वर फुलायचा, उजळायचा किंवा थरथरायचा. शेजारच्या बोटाखालचा स्वर मात्र तसाच शांत राहायचा. आणि पट्ट्यांच्या वरच्या बाजूला एक लांब फीत होती, तिच्यावरून बोट सरकवलं की स्वर घसरत वरखाली जायचा.

पेटीवाल्याला हे समजावायला एकच वाक्य पुरतं. पेटीला भाता एक, तो सगळ्या स्वरांना सारखाच वारा देतो. या वाद्यात प्रत्येक पट्टीला आपला वेगळा भाता होता. आणि वर मींडेसाठी फीत.

हे ऐकून मामा पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, "लाव बघू." मी 'ब्लेड रनर'ची सुरुवात लावली. रात्रीचं लॉस एंजेलिस, धुरांड्यांतून उसळणाऱ्या ज्वाळा, आणि वरून तुतारीसारखा एक स्वर येतो. तो सरळ येत नाही. खालून उचलला जातो, टोकाला जरा थरथरतो, मग सोडून दिला जातो. मामांनी डोळे मिटले. "हा दाबतोय," ते म्हणाले. "आत्ता दाबला त्याने." वाद्य यंत्राचं, पण स्वर कधी किती फुलवायचा हे त्या क्षणी एक माणूस बोटाने ठरवत होता, हे त्यांच्या कानांनी लगेच पकडलं. माझ्या वीस वर्षांच्या युक्तिवादांना जे जमलं नव्हतं ते त्या एका स्वराने केलं.

इथून पुढे व्हँगेलिसच्या चाहत्यांचा खरा वाद सुरू होतो: अल्बम खरा की चित्रपटातलं संगीत खरं? बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटेल. पण व्हँगेलिस काम कसं करायचा हे कळलं की तो तसा राहत नाही.

त्याला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती, आणि त्याने ती शिकण्याची फिकीरही केली नाही. लंडनमध्ये मार्बल आर्चजवळ त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, नाव 'निमो'. १९७५ ते १९८७ या काळातलं त्याचं बहुतेक महत्त्वाचं काम तिथलं. चित्रपटाची दृश्यं व्हिडिओ टेपवर त्याच्याकडे यायची. तो ती पडद्यावर लावायचा, चारी बाजूंनी वाद्यं मांडून मध्ये बसायचा, पायाखालच्या पेडलांनी आवाज कमी-जास्त करत दृश्य बघत बघत वाजवायचा. टेप चालू असायची. पुष्कळदा पहिल्या झटक्यात जे निघालं तेच ठेवायचा, मग वर आणखी थर चढवायचा. आधी कागदावर रचना आणि मग वादन असा क्रमच नाही. वाजवणं हीच रचना.

आपल्याला हे नवीन नाही. मैफलीत गायक बंदिश घेतो, पण त्या रात्री जो यमन झाला तो बंदिशीच्या दोन ओळींत नसतो. ध्वनिमुद्रण झालं असेल तर तो उरतो, नसेल तर ज्यांनी ऐकला त्यांच्याबरोबर जातो. म्हणून भीमसेनजींच्या एकाच रागाच्या चार ध्वनिमुद्रिका घरात असल्या तरी कुणी 'मग यातली खरी कुठली?' असं विचारत नाही. पाश्चात्त्य चित्रपटसंगीतात मात्र सहसा लिहिलेली प्रत असते. वाद्यवृंद बदलला, पन्नास वर्षं गेली, तरी प्रत काढून पुन्हा वाजवता येतं. व्हँगेलिसच्या बाबतीत प्रतच नव्हती. १९८२ ची ती वाद्यवृंदाची तबकडी म्हणूनच लोकांना पटली नाही. चाल होती, दाब नव्हता.

पुतणीला हे मान्य नाही. "काका, चाल चांगली असेल तर कशावरही वाजवा, टिकली पाहिजे," असं ती म्हणते. तिचा पुरावा 'चॅरियट्स ऑफ फायर'. ती चाल बँडवाल्यांनीही वाजवली आणि तरीही उभी राहते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या चित्रपटाचीच एक गंमत सांगतो. दिग्दर्शक ह्यू हडसनला किनाऱ्यावरच्या धावण्यासाठी व्हँगेलिसचीच एक जुनी रचना हवी होती, 'ओपेरा सॉव्हाज' या १९७९ च्या अल्बममधली 'लान्फान'. चित्रीकरणही तीच लावून झालं. मग व्हँगेलिसने 'मी याहून चांगलं करतो' म्हणून नवी चाल दिली. त्याचे वडील हौशी धावपटू होते, आणि ही चाल त्यांच्यासाठी आहे असं तो सांगायचा. मार्च १९८२ मध्ये तिला ऑस्कर मिळालं (तो घ्यायला गेला नाही), मे महिन्यात ती अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिली आली. पुढे एका ग्रीक संगीतकाराच्या गाण्यावरून ती उचलल्याचा दावा लंडनच्या न्यायालयात गेला, १९८७ मध्ये निकाल व्हँगेलिसच्या बाजूने लागला. एवढ्या धकाधकीतून चाल टिकली, तेव्हा पुतणी म्हणते ते खरं.

पण त्याच अल्बमची दुसरी बाजू ऐका. वीस मिनिटांची एकच सलग रचना, बरीचशी पियानोवर. ती कुठल्याही क्रीडादिनाला लागत नाही, कुणी तिच्यावर विनोद करत नाही, आणि माझ्या मते अल्बमचा जीव तिथे आहे. चाली विरघळतात, परत येतात, आलापीसारख्या लांबतात. दुसऱ्या कुणी वाजवायला घेतली तर हाती काय लागेल, मला शंका आहे.

'ब्लेड रनर'च्या १९९४ च्या अल्बमवर तर चाहते अजून भांडतात. त्याने बारा वर्षांनी जुन्या टेपा काढल्या आणि जसंच्या तसं छापलं नाही. मध्ये मध्ये चित्रपटातले संवाद घातले. चित्रपटात नसलेल्या रचना घेतल्या, उदाहरणार्थ मेरी हॉपकिनच्या आवाजातलं 'रेचल्स साँग'. चित्रपटातल्या काही महत्त्वाच्या गोष्टी गाळल्या. चाहत्यांपैकी एक गट म्हणतो, कलाकाराने ठरवलं तो अल्बम, आपण कोण? दुसऱ्या गटाने १९९३ पासून चोरट्या सीडी काढल्या, पुढे चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून तुकडे जोडून संपूर्ण आवृत्त्या तयार केल्या. २००७ मध्ये पंचवीस वर्षांनिमित्त तीन सीडींचा संच आला, त्यात गाळलेल्यांपैकी काही भाग मिळाला, सगळा नाही. तिसरी सीडी तर चित्रपटाने सुचलेल्या नव्याच संगीताची होती. म्हणजे लोक दार ठोठावतायत, आणि हा आतून म्हणतो, थांबा, नवीन काहीतरी वाजवतो.

मी दुसऱ्या गटातला, हे उघड सांगतो. संवाद मला खटकतात. शेवटचा रुटगर हाउअरचा पावसातला संवाद सोडून, कारण तो आणि संगीत आता वेगळे काढता येत नाहीत. मामा पहिल्या गटातले. त्यांचं म्हणणं, गवयाने मैफलीत काय गायचं हे श्रोत्याने सांगू नये, फर्माईश करावी आणि गप्प बसावं.

पण जिथे अल्बमच नाही तिथे काय? कोस्टा-गाव्हरासचा 'मिसिंग' (१९८२), मेल गिब्सन आणि अँथनी हॉपकिन्सचा 'द बाउंटी' (१९८४). दोन्हींचं संगीत व्हँगेलिसचं, दोन्हींचं पूर्ण संगीत स्वतंत्र अल्बम म्हणून कधी निघालं नाही. १९८९ च्या 'थीम्स' या संकलनात थोडे तुकडे आहेत, बस. लिहिलेली प्रत असती तर आज कुठलाही वाद्यवृंद ते वाजवू शकला असता. इथे टेपा उघडल्या तर संगीत आहे, नाहीतर संवादांखाली, लाटांच्या आवाजाखाली दबलेलं जे ऐकू येतं तेवढंच. माणूस गेल्यानंतर हा प्रश्न जरा टोचतो.

यावर चाहत्यांनी काढलेला मार्ग मला सर्वांत आवडतो. काही लोक बसून कानाने एकेक स्वर उतरवून घेतात, मूळ वाद्यं किंवा त्यांची संगणकावरची प्रतिरूपं मिळवतात, आणि दाब कुठे दिला, फीत कुठे ओढली हे शोधत तेच तुकडे पुन्हा वाजवतात. गुरू समोर नाही, फक्त तबकडी आहे. आपल्याकडे याला एकलव्याची शिकवणी म्हणतात, आणि जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून शिकलेले कितीतरी गवई त्या शाळेतले आहेत. माझी पुतणीही आता त्यातलीच. तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक ठोका आपोआप चौकटीत बसवण्याची सोय आहे. 'ब्लेड रनर'चं शेवटचं संगीत, ते टिंपनीसारखं धडधडणारं, तिने त्या चौकटीत बसवलं आणि त्यातला जीव गेला. मग तिने चौकट बंद केली आणि हाताने वाजवायला घेतलं. महिनाभर तिच्या खोलीतून तेच तीस सेकंद येत होते. वहिनी वैतागल्या.

मींडेचा विषय निघालाच आहे तर मुंबईचे चरणजित सिंग सांगायलाच हवेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे गृहस्थ. त्यांनी १९८२ मध्येच, म्हणजे 'ब्लेड रनर'च्याच वर्षी, रोलँड कंपनीचे सिंथेसायझर आणि तालयंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि युरोपात लोक थक्क झाले, कारण त्यांच्याकडचं नाचाचं 'ॲसिड हाउस' संगीत ज्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रावर काही वर्षांनी उभं राहिलं, तेच यंत्र इथे आधीच भैरव रागासाठी वापरलेलं होतं. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड हवी असलेल्या माणसाच्या हाती ते पडलं, की तो दुसरं काय करणार! मामांना ती तबकडी आवडली नाही. ठेका फार घाईचा, म्हणाले.

व्हँगेलिस नव्याने ऐकणाऱ्या मुलांनी कुठून सुरुवात करावी असं मला कधी कधी विचारतात. 'हेवन अँड हेल' (१९७५) घ्या. कार्ल सेगनच्या 'कॉसमॉस' मालिकेचं शीर्षकसंगीत तिथून घेतलेलं आहे. ती मालिका दूरदर्शनवर लागायची, तुमच्या आईबाबांना त्या अल्बमचा तेवढा भाग ऐकवा आणि त्यांचा चेहरा बघा. मग 'अल्बिडो ०.३९' आणि 'स्पायरल'. यंत्राचा ठेका त्याने कुठे मनापासून वापरला हे तिथे दिसतं, म्हणजे मी त्याला उगाच सोवळ्यात ठेवतोय असंही वाटायला नको. '१४९२' हा कोलंबसाच्या चित्रपटाचा अल्बम (१९९२) भव्य आहे. जर्मनीत एका मुष्टियोद्ध्याच्या रिंगणप्रवेशाला त्याचं मुख्य संगीत लागायला लागलं आणि तिथे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. २००१ मध्ये अथेन्सच्या प्राचीन मंदिरात, नासाच्या मंगळमोहिमेच्या निमित्ताने झालेली 'मिथोडिया' मला जड वाटते. तिथे मोठा वाद्यवृंद, मोठा समूहस्वर, दोन थोर गायिका, सगळं आहे, पण तो एकटा वाजवत असतानाची जवळीक नाही.

आणि 'मेमरीज ऑफ ग्रीन' चुकवू नका. आमच्या तिघांच्या वादाचा निकाल या तुकड्याने लागू दिलेला नाही. पियानो, जरासा उतरलेला, पाण्यातून ऐकू यावा तसा. मागे हातातल्या इलेक्ट्रॉनिक खेळण्याची टिकटिक, कुणीतरी शेजारी गेम खेळत बसल्यासारखी. 'ब्लेड रनर'मध्ये रेचल आपण माणूस आहोत याचा पुरावा म्हणून बालपणीचा फोटो दाखवते तेव्हा हे वाजतं, आणि जणू त्याच दृश्यासाठी जन्मलेलं वाटतं. पण ते त्याआधी दोन वर्षं, १९८० मध्ये, 'सी यू लेटर' या अल्बमवर येऊन गेलं होतं. दृश्य बघून वाजवलेलं नव्हतंच. मग हे अल्बमचं की चित्रपटाचं? पुतणी म्हणते, बघा, चाल कुठेही चालते. मी म्हणतो, पण तेच वादन लावावं लागलं ना, कुणाकडून पुन्हा वाजवून घेतलं का? मामांनी परवा ते तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. संपल्यावर म्हणाले, "पियानो उतरलाय हे त्याला माहीत होतं. लावून घेतला नाही."